गंगाखेडच्या जनीचा चेहरा

गंगाखेडला गोदावरीच्या काठी जनाबाईचं मंदिर आहे. आमच्या परभणी जिल्ह्यातली ही जनी म्हणजे दुसऱ्याच्या घरी राबणारी, दळणकांडण करणारी, शेण्या थापणारी, स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेणारी बाई. १९४९ साली तिच्यावर चित्रपट निघाला, ‘संत जनाबाई’. जनीचं काम हंसा वाडकर यांनी केलं. त्या काळच्या मराठी पडद्यावर त्यांच्याइतका लोभस चेहरा दुसरा शोधावा लागला असता. हंसाबाई जातिवंत नटी होत्या, त्यांच्या अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही. पण लहानपणापासून एक प्रश्न मला सोडत नाही. जात्याच्या खुंट्यानं तळहाताला घट्टे पडलेली, गोदेकाठच्या उन्हात रापलेली बाई पडद्यावर आणायची, तर ती आधी देखणी का असावी लागते? आणि देखणी म्हणजे नेमकी कशी, हे ठरवतं कोण?

आमच्याकडे एक म्हण आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर ठीक, नाहीतर परभणी आहेच. नाटक-सिनेमाच्या वेडानं मुंबईची गाडी पकडणाऱ्या पोरापोरींना ती आजही ऐकवली जाते. पण पोराच्या जमण्याचं माप वेगळं आणि पोरीच्या जमण्याचं वेगळं. परभणीचा संकर्षण कऱ्हाडे लेखणीच्या, विनोदाच्या आणि बोलण्याच्या बळावर महाराष्ट्रभर पोचला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. त्याचा रंग कसा, उंची किती, हे विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. मोबाइलवर फिरत येणाऱ्या ‘कलाकार पाहिजेत’ या निरोपात मुलींसाठीची ओळ मात्र वयापासून सुरू होते, उंचीवर जाते आणि रंगावर थांबते. भाषा कोणती येते, आवाज कसा आहे, याआधी कुठं काम केलंय, हे त्यानंतर. कधी कधी तेही नसतं.

हे माप आलं कुठून हे पाहायचं तर सुरुवातीलाच जावं लागतं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. फाळके बदनाम वस्त्यांतही फिरले, तिथल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरला. अंगानं सडपातळ, हात नाजूक. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही रंगवले. भारतीय पडद्यावरची पहिली नायिका निवडली गेली ती बोटांच्या नाजूकपणावर, आणि ती बोटं एका पुरुषाची होती. रंगभूमीवर तर बालगंधर्वांचं राज्य होतं. त्यांची साडी नेसण्याची ढब, त्यांचे दागिने घरंदाज बायका उचलत. बाईनं कसं दिसावं, कसं लाजावं, पदर कसा सावरावा, याचा कित्ता मराठी बायकांनी एका पुरुषाकडून गिरवला. त्या कलेची थोरवी मी कमी करत नाही. पण खऱ्या बाया रंगमंचावर आणि पडद्यावर आल्या तेव्हा त्यांना त्या कित्त्याशीच ताडून पाहिलं गेलं, हेही खरं आहे.

खऱ्या बाया आल्या त्याही १९१३ मध्येच, फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयातली मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. पडद्यावर आलेल्या पहिल्या मुलीच्या वाट्याला कोणतं पात्र आलं, याचा मी अनेकदा विचार करते. मोहिनीचं काम एकच, रूपानं भुलवणं. तिला स्वतःची कथा नाही, स्वतःचा जीवही नाही, कारण ते तर विष्णूनं घेतलेलं सोंग.

बोलपट आल्यावर या मापात आणखी एक शब्द मिसळला: घरंदाज. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये प्रभातनं दुर्गा खोटे यांना तारामती केलं. सुशिक्षित, सुखवस्तू घरातली बाई सिनेमात आली याचा केवढा गाजावाजा झाला. त्याआधी काम करणाऱ्या बऱ्याच बाया कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या होत्या. त्यांना गाणं येत होतं, नाच येत होता, बोलणं येत होतं. पण ‘चेहऱ्यावरचं खानदानी तेज’ नावाची जी गोष्ट आता मागितली जाऊ लागली, ती त्यांच्याकडे नाही असं ठरवून टाकलं गेलं. नाक सरळ, कपाळ रुंद, रंग उजळ. या वर्णनात घराण्याचं नाव कुठंच येत नाही, तरी ते ऐकताच जात कळते. सौंदर्याचा निकष म्हणून जे सांगितलं जातं त्यात निम्मी जातीची आणि पैशाची ओळख असते, हे मी या क्षेत्राकडे जितकं पाहत आले तितकं मला पक्कं पटत गेलं. केरळात मूकपटांच्या काळात पी. के. रोझी या दलित मुलीनं नायर स्त्रीची भूमिका केली, तर लोकांनी तिच्यावर हल्ला केला आणि तिला गाव सोडून पळावं लागलं. तिथं ही गोष्ट उघड झाली. आपल्याकडे ती ‘फेस सूट होत नाही’ या सभ्य वाक्यात लपते.

मग बाजार आला. १९४१ मध्ये लीला चिटणीस या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. पदवीधर, बुद्धिमान, पुढे स्वतःचं आत्मचरित्र लिहिणारी बाई; पण घरोघरी पोचली ती तिची कांती. १९४३ च्या ‘रामराज्य’नंतर शोभना समर्थ यांची सीता कॅलेंडरवर चढून देवघराशेजारच्या भिंतीवर आली. पुढे हिंदी पडद्यावरून ‘साधना कट’ आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुलींनी कपाळावर केस कापून घेतले. साधनाचं कपाळ मोठं दिसतं म्हणून तो कट काढला होता. एका अभिनेत्रीच्या चेहऱ्यातलं तथाकथित न्यून झाकायची युक्ती हजारो मुलींनी, तसं न्यून असो वा नसो, आपल्या डोक्यावर घेतली.

या सगळ्याला आतून उत्तर देणारी एक बाई होऊन गेली, शांता आपटे. ‘कुंकू’मधली (१९३७) जरठ नवऱ्याला नाकारणारी नीरा. १९३९ मध्ये कंपनीशी वाद झाला तेव्हा प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली आणि १९४० मध्ये तिनं पुस्तक लिहिलं, ‘जाऊ मी सिनेमात?’ नाव वाचूनच कळतं की हा प्रश्न घरोघरी मुली विचारत होत्या. चलतीच्या नटीनं त्या काळात हा धंदा कसा चालतो हे लिहावं, याला धाडस लागतं. आज सिनेमात जायला निघालेल्या मुलींच्या हाती हे पुस्तक कुणी ठेवत नाही याचं मला वाईट वाटतं.

तंत्राचाही यात हात आहे, तो थोडक्यात सांगते. सुरुवातीच्या काळातल्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे तांबूस, तपकिरी छटा पडद्यावर काळ्या पडत आणि चेहऱ्यावर पांढरट थर चढवावा लागे. पुढे रंगीत छपाई आली तेव्हा कोडॅकनं रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना गोऱ्या बाईचं छायाचित्र असलेलं कार्ड दिलं. त्या कार्डावरची बाई नीट दिसली की रंग नीट लागला असं समजत. सावळा चेहरा ‘कॅमेऱ्याला मानवत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा मानवत नव्हतं ते फिल्म बनवणाऱ्याला. आज तसं काही उरलेलं नाही, कुठलाही रंग उत्तम टिपता येतो, पण वाक्य तसंच टिकून आहे.

रूप गेलं की बाईचं काय होतं, हे ललिता पवारांच्या आयुष्याइतकं कशातच स्पष्ट दिसत नाही. येवल्याची ही मुलगी मूकपटांपासून नायिका होती, निर्मातीही झाली. १९४२ मध्ये चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचारांत काही वर्षं गेली. परत आल्या त्या खाष्ट सासू, कजाग जाऊ आणि मंथरा होण्यासाठी. तो बारीक झालेला डोळा दुष्टपणाची खूण ठरला. अभिनय तोच, बाई तीच, वय विशी ओलांडून थोडं पुढे गेलेलं. एका शिरेची हालचाल थांबली आणि चांगुलपणाच्या भूमिका संपल्या. ‘अनाडी’तल्या (१९५९) मिसेस डिसाचा कडक पण मायाळू चेहरा पाहिला की कळतं, त्या डोळ्यात काय काय मावत होतं. ते पाहायची दृष्टी फारच थोड्यांना होती.

वयाचं तसंच. रीमा लागू मराठी रंगभूमीवरून आलेल्या. ‘मैंने प्यार किया’मध्ये (१९८९) सलमान खानची आई झाल्या तेव्हा त्या एकतिशीच्या होत्या आणि तो चोविशीचा. दहा वर्षांनी ‘वास्तव’मध्ये त्या संजय दत्तची आई झाल्या. दोघांच्या वयात जेमतेम वर्षाचं अंतर! त्या उत्तम आई झाल्या. पण त्याच वयाचा पुरुष त्याच पडद्यावर विशीतल्या नायिकेमागे बागेत धावत होता.

पुरुषांकडे पाहिलं तर मराठी सिनेमा उदार वाटतो. दादा कोंडके, निळू फुले, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, आमच्या मराठवाड्याचा मकरंद अनासपुरे. यांतल्या कुणाचंही नाव रूपासाठी घेतलं गेलं नाही आणि घ्यायची गरजही नव्हती. प्रेक्षकानं त्यांना आपलं मानलं, कारण ते आपल्यासारखे दिसत. ‘सोंगाड्या’तला (१९७१) दादांचा नाम्या गबाळा चालतो, त्याच्यासमोर मात्र उषा चव्हाण देखणीच हवी. आपल्यासारखी दिसणारी नायिका आपण का मागितली नाही? निर्माते म्हणतात, प्रेक्षकाला नको होती. पण कधी दिली तेव्हा काय झालं, ते पाहा.

१९७७ मध्ये ‘जैत रे जैत’ आला आणि त्याच वर्षी ‘भूमिका’. स्मिता पाटील ही मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी सावळी मुलगी. श्याम बेनेगलांनी तिला तिथंच हेरलं. ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला, म्हणजे जी बाई जनी झाली होती तिचंच आयुष्य आता एक सावळा चेहरा सांगत होता. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘उंबरठा’ (१९८२) आला, आणि सावळ्या मुलींना प्रथमच कुणीतरी म्हणालं, स्मितासारखी दिसतेस. माझ्या पिढीला हे वाक्य म्हणजे काय होतं ते सांगून कळणार नाही. लग्नाच्या बाजारात ‘रंग जरा कमीच, पण नाकी-डोळी नीटस’ असं ऐकत वाढलेल्या मुली आरशासमोर ताठ उभ्या राहिल्या. मात्र त्या विजयालाही खोट होती. तिच्या ‘चक्र’ या चित्रपटाची जाहिरात करताना नळावर अंघोळ करणाऱ्या झोपडपट्टीतल्या बाईचं दृश्य पुढे केलं गेलं आणि स्मिताला ते बोचलं. चेहरा वास्तवाचा म्हणून घेतला, विकायला शरीरच काढलं. शिवाय एक स्मिता झाली म्हणून दार उघडलं नाही. सावळी नायिका हा तिच्या नावाचा अपवाद होऊन बसला.

‘माहेरची साडी’ (१९९१) आमच्या भागात कशी चालली ते मी पाहिलंय. बाया डोळ्याला पदर लावून बाहेर पडत. अलका कुबल यांच्या साध्या, शेजारच्या सुनेसारख्या चेहऱ्यावर त्यांनी जीव लावला. साधं दिसणं चालतं, पण सोसणाऱ्या बाईला, असा एक करार इथं दिसतो. रडणारी साधी चालेल. प्रेमात पडणारी, घोड्यावर बसणारी, हुकूम सोडणारी सुंदरच हवी.

तो करार मोडला अकलूजच्या एका शाळकरी मुलीनं. त्याआधी नागराज मंजुळ्यांनी ‘फँड्री’त (२०१३) दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. जब्याला हवी असलेली शालू गोरी आहे, वरच्या जातीची आहे, आणि तो तोंडाला पावडर फासून आरशात स्वतःला शोधतो. रंग आणि जात एकमेकांत कशी गुंफली आहेत, हे इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. ‘सैराट’मध्ये (२०१६) त्यांनी डाव उलटवला. नायिका आर्ची पाटलाची, पैशाची, सत्तेची. आणि ती सावळी, दणकट, बुलेट चालवणारी. रिंकू राजगुरू बोलते तेव्हा सोलापूरकडची माती बोलते. तोवरच्या सगळ्या मराठी चित्रपटांपेक्षा जास्त गल्ला त्या चित्रपटानं केला आणि रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. प्रेक्षकाला गोरीच लागते, हे वाक्य तिथं संपायला हवं होतं. दोन वर्षांनी हिंदीत ‘धडक’ आला. कथा उदयपूरला गेली, जात पुसट झाली आणि आर्चीच्या जागी जान्हवी कपूर आली. कन्नडमध्ये त्याच भूमिकेसाठी रिंकूलाच बोलावलं होतं. म्हणजे पर्याय नव्हता असं नाही.

आता मला सर्वांत जास्त सलणाऱ्या गोष्टीकडे येते. सावळी नायिका लिहिली जाते, पण ती करायला सावळी मुलगी बोलावली जात नाही. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सुरू झाली. काळ्या रंगामुळे अवहेलना सोसणाऱ्या दीपाची ही कथा. रेश्मा शिंदे यांनी ती मनापासून केली, पण चेहऱ्यावर गडद मेकअप चढवून. त्याच वर्षी हिंदीत ‘बाला’ आला. त्यात भूमी पेडणेकरचा रंग असाच गडद केला होता. भूमी स्वतः कास्टिंग विभागात काम करून आलेली. ‘दम लगा के हईशा’साठी (२०१५) तिनं वजनही वाढवलं होतं. मराठीत ‘वजनदार’साठी (२०१६) सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी वजन वाढवलं. अभिनेत्रींच्या कष्टांना मी नावं ठेवत नाही. पण ज्या मुलीला तिच्या रंगामुळे शंभर भूमिका नाकारल्या, तिच्या रंगाची भूमिका अखेर लिहिली गेली, तेव्हाही ती दुसरीला रंगवून द्यायची, याला काय म्हणावं? संध्याकाळी कापसानं पुसून तो रंग काढून ठेवता येतो. दीपाचं दुःख पाहून घरोघरी डोळे ओले झाले आणि त्याच घरांत १९७५ पासून आलेली गोरेपणाची क्रीम फळीवर होती. २०२० मध्ये तिच्या नावातलं ‘फेअर’ गेलं. ट्यूब तीच राहिली.

मी स्वतः यातून मोकळी नव्हते. महाविद्यालयाच्या एकांकिका बसवताना राजकन्येसाठी माझं बोट गोऱ्या मुलीकडे गेलं आणि दासीसाठी सावळीकडे. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप गेलं. त्या सावळ्या मुलीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न ओरडता पोचत असे. तालमीत राजकन्येची वाक्यं ती कोपऱ्यात बसून पुटपुटायची, तिला सगळी पाठ होती. मला ते दिसत होतं. मी भूमिका बदलल्या नाहीत. निरपराध चेहऱ्यानं असं नाकारणं फार सोपं असतं, म्हणून कास्टिंग करणाऱ्यांना मी सरसकट दुष्ट समजत नाही.

सिनेमा ही पाहण्याची कला आहे, पडद्यावर सुंदर काही दिसावं ही इच्छा निरोगी आहे, हेही मला मान्य आहे. काही भूमिका रूपाच्याच असतात. लावणीच्या फडावरची नर्तकी, जिच्या दिसण्यावरूनच कथा पेटते अशी एखादी बाई. तिथं रूप पाहावं. माझं भांडण आहे ते शेतमजूर, परिचारिका, शिक्षिका, सरपंच, वकील या सगळ्यांना तीच चाळणी लावण्याशी. ‘कोर्ट’मध्ये (२०१४) गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील होतात, लोकलनं घरी जातात, स्वयंपाक करतात, आणि तो चेहरा पाहताना एकदाही वाटत नाही की हिला कॅमेऱ्यासाठी तयार केलंय. दिग्दर्शिका सुमित्रा भावे समाजशास्त्र शिकलेल्या. १९८५ च्या ‘बाई’ या लघुपटापासून त्यांच्या पडद्यावरच्या बायांना कामाचे हात होते. मिताली जगताप-वराडकर यांना ‘बाबू बँड बाजा’साठी आणि उषा जाधव यांना ‘धग’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दोन वर्षांच्या अंतरानं. पुढच्या मोठ्या व्यावसायिक चित्रपटांच्या पोस्टरवर त्यांचे चेहरे किती वेळा दिसले? छाया कदम ‘फँड्री’त जब्याची आई होत्या, ‘सैराट’मध्ये सुमनअक्का. दोन्हीत कणा त्यांचा, जाहिरात इतरांची. २०२४ मध्ये ‘लापता लेडीज’मधली त्यांची फलाटावरची मंजू माई देशभर पोचली आणि त्याच वर्षी त्यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला कानमध्ये ग्राँ प्री मिळाला. त्या सोहळ्याला त्या स्वतःच्या आईची साडी नेसून, आईची नथ घालून गेल्या. मुंबईतलं घर हातचं जाताना पाहणारी त्या चित्रपटातली त्यांची पार्वती मला परभणीत रोज भेटते. कापूस वेचून परतताना, सरकारी दवाखान्याच्या रांगेत, जिंतूरच्या बसमध्ये.

परवा ओळखीतली गंगाखेडची एक मुलगी ऑडिशनचा व्हिडिओ काढायला माझ्याकडे आली. आता मुंबईला जावं लागत नाही, घरूनच पाठवायचा असतो. पाठ एका ऊसतोड कामगार बाईचा होता. तिनं तो फार चांगला म्हटला, मध्ये एकदा पदरानं कपाळ पुसलं ते तर लिहिलेलंही नव्हतं. आम्ही मोबाइलवर पाहायला बसलो आणि मला ती ओळखूच येईना. गाल गुळगुळीत, रंग दोन छटा उजळ, हनुवटी निमुळती. फोनमध्ये चेहरा सुंदर करायची सोय आधीपासूनच चालू होती, तिनं ती कधी बंद केलीच नव्हती. ती बंद होते हेच तिला ठाऊक नव्हतं. बटण शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. मग खिडकी उघडली, उजेडाकडे तोंड करून तिला उभं केलं आणि पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.

दुसऱ्यांदा पाहताना ती फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ गप्प होती.

“काकू,” ती म्हणाली, “ह्यात मी मीच दिसायले. हाच पाठवू का?”

मी हो म्हणाले. तिनं अजून एकदा पाहिला, आणि पाठवला.